सासरेबुवा बसले ती गाडी

"गाडी एकदा जरी ढकलायला लागली ना, तर मी तुमच्या डेलियाचं नाव परत तोंडातून काढणार नाही," असं सेवेरो चुकिमिया भरल्या घरात, सूपची वाटी हातात धरून बोलून बसला. ऐकणारे होते डेलियाचे वडील, ताता अनाक्लेतो. त्यांनी वाटी खाली ठेवली, मिशी पुसली आणि म्हणाले, "चालेल."

झालं! पोरगा अडकला.

गाडी म्हणजे मोटरसायकल, चिनी. लाल रंगाची, उंच, पुढचा मडगार्ड चोचीसारखा वर गेलेला. डांबरावरही पळणार, दगडधोंड्यांतही चढणार. तलावाकाठच्या कोपाकबानाच्या बाजारात ही गाडी भांडी आणि ब्लँकेटांच्या शेजारी उभी असते, आणि दोन-चार ब्लँकेटं घेणाऱ्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात विकली जाते, इतकी स्वस्त. सेवेरोने तिच्यासाठी दीड वर्ष तलावात ट्राउट मासे धरले होते. डेलियाचं गाव डोंगरापलीकडे, अठरा किलोमीटर. पायी जाऊन प्रेम करता करता त्याचे दोन जोड बूट संपले होते.

ताता अनाक्लेतोंचं मत वेगळं होतं. त्यांच्याकडे जपानी मोटरसायकल होती, तीस वर्षं जुनी. गेली सहा वर्षं ती ताडपत्रीखाली होती आणि तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. चालत नव्हती, पण जपानी होती! "ही तुझी उन्हात वितळेल," ते सेवेरोला म्हणायचे. "पावसात विरघळेल. आणि चढावर तर तुलाच तिला पाठीवर घ्यावं लागेल."

म्हणून अट ठरली. रविवारी चर्चसमोर रीतीप्रमाणे नव्या गाडीसाठी फादरचा आशीर्वाद घ्यायचा, आणि बाप्तिस्म्याला मुलाचे असतात तसे गाडीचे धर्मबाप व्हायचं खुद्द ताता अनाक्लेतोंनी. मग दोघांनी त्याच गाडीवरून डोंगर चढून तातांच्या घरी यायचं. न ढकलता पोचली, तर लग्नाचं बोलू. ढकलली, तर सेवेरोने आपले मासे धरावेत.

रविवारी सेवेरोने हात आखडता घेतला नाही. ग्लॅडिओलाच्या फुलांचे दोन हार, रंगीत कागदाच्या झिरमिळ्या, हेडलाइटवर घालायची छोटी टोपी, दोन बाटल्या बिअर, फटाक्यांची माळ. गाडी इतकी सजली की आत गाडी आहे हे सांगावं लागत होतं. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. फुलवाली एकच होती. आणि चर्चसमोर आशीर्वादाच्या रांगेत तसल्याच लाल गाड्या होत्या चार. चारही कोऱ्या, कुणालाच अजून नंबरप्लेट नाही, चौघींच्या डोक्यावर तीच टोपी.

फादर आले, बादलीतून पवित्र पाणी शिंपडत पुढे गेले. ताता अनाक्लेतोंनी धर्मबापाचं काम मन लावून केलं. चाकांवर बिअर, इंजिनावर बिअर, उरलेली स्वतःवर. मग फटाके लागले आणि सगळा धूर झाला. सेवेरो डोळे चोळत बाहेर आला तेव्हा होणारे सासरे गाडीवर मागे बसलेले, हॅट गच्च धरलेली. "चल," म्हणाले. "बघू किती दम आहे."

आता तुम्हीच सांगा, गाडीवर बसलेल्या सासऱ्याला कोण म्हणेल की ताता, जरा उतरा, मला खात्री करू द्या? सेवेरोने किल्ली घातली. किल्ली फिरली. अर्थात फिरली! या गाड्यांच्या किल्ल्या फार चोखंदळ नसतात. दुकानदार ही सोय सांगत नाही, इतकंच.

पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. एवढ्या उंचीवर माणसाला जिना चढताना धाप लागते, आणि ही बया दोन माणसं घेऊन शिट्टी मारत चढावर निघाली. सेवेरोला वाटलं, आपण जिंकत आलो.

पहिल्या वळणावर त्याला आरशात दिसलं, मागून एक लाल गाडी येतेय. चालवणारा एका हाताने हॅट हलवत होता आणि ओरडत होता.

"शर्यत लावतोय," ताता अनाक्लेतो म्हणाले.

"जाऊ द्या ना त्याला पुढे."

"का? तुझी थकली?"

संपलं. सेवेरोने गिअर टाकला. मागचाही पेटला. तीन वळणं झाली तरी तो हटेना. मग ताता अनाक्लेतोंनीच सेवेरोच्या खांद्यावर टकटक करून डावीकडे बोट दाखवलं. ती लामा जनावरांच्या कळपांची वाट होती. रस्ता म्हणावा असं तिच्यात काहीच नव्हतं, फक्त दगड आणि लेंड्या. गाडी तिच्यावर घुसली. ओढा आला, ओढ्यातून गेली. बटाट्याच्या शेताचे बांध आले, एकेक पायरी उतरावी तशी धप धप उतरली. फुलं उडाली, टोपी तिरकी झाली, इंजिनाने एकदाही खोकला काढला नाही. आणि मागे ताता अनाक्लेतो, साठ वर्षांचा माणूस, गुडघ्यांनी सेवेरोच्या बरगड्या दाबत म्हणत होते, "अजून. अजून जरा."

दारात पोचले तेव्हा डेलिया आणि तिची आई बासिलिया बाहेर उभ्या होत्या. ताता अनाक्लेतो उतरले, हॅट झटकली आणि अगदी नाइलाजाने म्हणाले, "गाडी बरी आहे."

सेवेरोची छाती फुगली. तेवढ्यात मागची लाल गाडीही अंगणात येऊन थांबली. वरून एक धुळीने पांढरा झालेला माणूस उतरला. त्याने नाव सांगितलं हिलारियो पोमा, आणि मग म्हणाला, "तुम्ही बसलाय ती माझी गाडी आहे. मी आणली ती तुमची असणार. आणि माझी बायको अजून चर्चसमोर उभी आहे."

सेवेरोची छाती परत खाली आली. सीटखाली बघितलं तर हिलारियोच्या बायकोची शाल घडी करून ठेवलेली. पुराव्याला आणखी काय पाहिजे?

ताता अनाक्लेतो हळूच बाकावर बसले. त्यांना बळ आलं होतं. "म्हणजे पैज गेली," ते म्हणाले. "माझ्या दारात आली ती याची गाडी."

"माफ करा," हिलारियो म्हणाला, "पण याचीही आलीच की. माझ्या गाडीच्या मागे मागे, त्याच बांधांवरून. नाही ढकलली कुठे."

हे खरं होतं. ताता अनाक्लेतोंनी दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि दुसरी वाट काढली. "गाडी पास झाली, कबूल. माणसाचं काय? ज्याला स्वतःची गाडी ओळखता येत नाही, तो गर्दीत माझी मुलगी ओळखेल का?"

सेवेरोने जीभ आवरली. खरं उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते सासऱ्याला द्यायचं उत्तर नव्हतं. ते बासिलियाने दिलं. "आधी कोण बसलं होतं गाडीवर?"

ताडपत्रीखालून कोंबडी काय ती बोलली.

"बटाटे निघाले की लग्न," ताता अनाक्लेतो हॅटच्या आत बघत म्हणाले. "पण टाकीवर काहीतरी रंगवून घे. असं परत नको."

मग हिलारियोला जेवल्याशिवाय कोण सोडणार? त्याने बायकोच्या आठवणीने सूप उभ्याउभ्या घशात ओतलं. तेवढ्यात मेंढ्या परत आल्या, म्हणून बासिलियाने दोन्ही गाड्या जरा इकडच्या तिकडे सरकवल्या. हिलारियो धावत बाहेर आला, शाल काखेत मारली, आणि जी पहिली दिसली तिच्यावर बसून गेला.

सेवेरोने दुसऱ्याच दिवशी पेंटर गाठला. टाकीवर पांढऱ्या अक्षरात, वीतभर उंच: डेलिया. पक्का ऑइलपेंट. महिनाभर तो पंचक्रोशीत मिरवला.

महिन्यानंतर नंबरप्लेट घ्यायला तो ऑफिसात गेला. बाईंनी इंजिनाचा नंबर वाचला, कागद वाचला, परत इंजिन वाचलं. मग चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. दाराशी हिलारियो पोमाही तसाच कागद घेऊन, तसाच चेहरा करून उभा होता. तीन तास चर्चसमोर उभ्या राहिलेल्या बायकोचा राग घालवायला त्यानेही पेंटर गाठला होता. तोच पेंटर, तोच पक्का रंग, बायकोचं नाव: रेमेदियोस.

खरवडून बघितलं. नखभर पांढरं निघालं नाही, की खालचा लाल हलला नाही. स्वस्त गाडी म्हणणाऱ्यांनी तो लाल रंग एकदा खरवडून बघावा.

गाड्या जिच्या तिच्या झाल्या. सेवेरो आपली गाडी घेऊन डेलियाच्या घरी आला, तेव्हा तिने टाकी वाचली, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मागे बसली. "पुढे ती, मागे मी," म्हणाली. "बाबांना तूच सांग."

तर त्या डोंगरातल्या रस्त्यावर तुम्हाला ती लाल गाडी दिसली, तर जरूर थांबवा. चढावर कशी खेचते, ओढ्यात कशी उतरते, पेट्रोल किती पिते, काय हवं ते विचारा. सेवेरो तासभर हौसेने सांगेल. फक्त टाकीवरच्या नावाबद्दल विचारू नका. बटाटे निघायला अजून दोन महिने आहेत.