मागच्या रांगेचं मॉडेल

आप्पांनी हॉलमधला सोफा भिंतीला लावला, टीपॉय गॅलरीत नेऊन ठेवला आणि खडूचा तुकडा घेऊन फरशीवर ओणवे झाले, तेव्हा माईंनी स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, "आता हे काय?"

"गाडीचं चित्र काढतोय. एकास एक मापात."

माईंनी कपाळाला हात लावला. फरशी त्यांनी सकाळीच पुसली होती. पण बोलून उपयोग नव्हता. आप्पा जन्मभर बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते आणि कागदावरच्या नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. नकाशात माणूस उभा करून बघितल्याशिवाय तो खरा नाही, असं त्यांचं म्हणणं. हे घर बांधायच्या आधी रिकाम्या प्लॉटवर चुन्याने खोल्या आखून त्यांनी माईंना भर उन्हात 'स्वयंपाकघरात' उभं केलं होतं आणि भाजी चिरल्यासारखं करायला लावलं होतं. येणारेजाणारे थांबून बघत होते. ओटा पुढे माईंच्या अगदी मापाचा झाला ही गोष्ट वेगळी, पण त्या दिवसाबद्दल माईंनी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

गाडी कुठली घ्यायची ते ठरलं होतं. तीन रांगांची, मोठी, सगळं घर मावेल अशी. रंगसुद्धा ठरला होता, आणि या घरात रंग ठरणं म्हणजे काही कमी नव्हे. घोडं अडलं होतं ते व्हेरिएंटवर. गाडी एकच, पण तिच्यात खालचं मॉडेल, मधलं मॉडेल आणि वरचं मॉडेल. जावईबापूंनी या विषयावरचे इतके व्हिडिओ पाहिले होते की झोपेतसुद्धा ते 'व्हेंटिलेटेड सीट' असं पुटपुटतात, अशी थोरलीची तक्रार होती. त्यांचं मत वरचं घ्यावं. सूनबाईंचं मत मधलं घ्यावं, कारण वरच्यात नुसते नखरे आणि खालच्यात नुसता पत्रा. नातीला छत उघडणारी गाडी हवी होती, बाकी चाकं नसली तरी तिला चाललं असतं. धाकट्याचं मत विचारलं की तो "तुम्ही ठरवा" म्हणे आणि ठरवलं की नाक मुरडे.

आप्पांना मात्र यातलं काहीच नको होतं. त्यांना काय हवं होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायला जरा लाजिरवाणं होतं.

पूर्वी त्यांच्याकडे एक जुनीपुराणी गाडी होती. मागे समोरासमोर दोन फळकुटं, त्यांवर रेक्झिन. थोरली आणि धाकटा तिथे गाद्या, पिशव्या आणि पाण्याचा कॅन यांच्या मधे कोंबलेले असत. आप्पा गाडी चालवत, माई शेजारी. आणि मागे सारखी खसखस पिकलेली असे. आप्पा आरशात बघून विचारत, "काय झालं रे?" मागून उत्तर येई, "काही नाही, आप्पा." की पुन्हा हसणं. इतकी वर्षं त्यांनी ती गाडी चालवली, पण तिच्या मागच्या बाजूला बसले असे ते कधीच नाहीत. चालवणारा तो चालवणारा.

पुढे मुलांची लग्नं झाली, जुनी गाडी गेली, आप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मुलांनी गोड बोलून त्यांच्या हातातून स्टिअरिंग काढून घेतलं. आता कुठे जायचं तर दोन गाड्या निघत. आप्पांना मानाने धाकट्याच्या गाडीत पुढे बसवलं जाई. धाकटा गाडी चालवताना तोंडातून अक्षर काढत नाही. पोचल्यावर दुसऱ्या गाडीतून बाकीची मंडळी पोट धरून उतरत. "काय झालं गं?" आप्पा विचारत. "ते आता सांगून नाही कळायचं, आप्पा," थोरली डोळे पुसत म्हणे. हसणं सारखं दुसऱ्याच गाडीत जातंय हे त्यांना फार लागत होतं. म्हणून एकच गाडी, आणि सगळे तिच्यात. एवढंच.

दुपारी सगळे जमले. जावईबापू माहितीपत्रकातून मापं वाचत होते, आप्पा टेप लावून खडू ओढत होते. पहिली रांग टीव्हीसमोर आली. दुसरी पंख्याखाली. तिसऱ्या रांगेपाशी हॉल संपला.

"आप्पा, गाडी स्वयंपाकघरात शिरतेय," सूनबाई म्हणाल्या.

"शिरू दे. माप म्हणजे माप."

मग खुर्च्या मांडल्या. दोन पुढे, तीन मधे, आणि उरलेल्या दोन उंबऱ्यापलीकडे, गॅसच्या शेगडीला खेटून. तिथे कोण बसणार यावर आधी पुष्कळ आग्रह झाला. "तुम्ही बसा," "छे, तुम्ही बसा," असं करत शेवटी घरच्या लेकरांनी सोसावं असं ठरलं आणि थोरली व धाकटा मागे गेले. आप्पा पुढे, हातात स्टीलचं ताट घेऊन बसलेल्या जावईबापूंच्या शेजारी.

"मागे बसू की मी," आप्पा म्हणून बघत होते.

"आप्पा, तुमचे गुडघे," चार जण एकदम म्हणाले.

"आता दहा मिनिटं कुणी हलायचं नाही," आप्पांनी फर्मावलं. "कुणाला कुठे काय कमी पडतं ते कळलं की मॉडेल आपोआप ठरेल."

सगळे गप्प बसले. समोर बंद टीव्ही. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून डबा उघडल्याचा आवाज आला, मग शेंगदाणे फोडल्याचा, आणि मग दाबून धरलेलं हसू फुटल्याचा.

"काय झालं रे?" आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले.

"काही नाही, आप्पा."

नेमके त्याच वेळी शेजारचे हेडमास्तर पेपर परत करायला आले. दार उघडंच होतं. खुर्च्या रांगेने मांडलेल्या, माणसं खाली मान घालून गप्प, सोफा भिंतीला सरकवलेला. मास्तरांनी चपला बाहेर काढल्या, पेपर मागे लपवला, हलक्या पावलांनी येऊन आप्पांजवळच्या स्टुलावर टेकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"केव्हा झालं?"

"अजून कुठे झालंय," आप्पा म्हणाले. "पण या आठवड्यात उरकून टाकू म्हणतो."

मास्तरांचा हात खांद्यावरून खाली आला. "आणि... आहेत कोण?"

"सगळं घरच आहे. सातही जण एकदम जाणार."

मास्तर उठले ते चपला हातात घेऊनच घरी गेले. पाच मिनिटांत त्यांच्या बायकोचा माईंना फोन आला, आणि सगळं नीट समजावून सांगण्यात माईंची निम्मी दुपार गेली. मॉडेल काही ठरलं नाही ते नाहीच. पुढे बसलेल्यांना वरचं हवं, मधल्यांना मधलं. मागच्यांना विचारलं तर ते म्हणाले, "आम्हाला काय, कुठलंही. मागे कुणी काही देत नसतं."

हे वाक्य आप्पांच्या मनात घर करून बसलं. रविवारी सगळे शोरूमला गेले. अर्थात दोन गाड्यांतून, आणि हसणं दुसऱ्या गाडीत.

काचेआड वरचं मॉडेल चकाकत उभं होतं. टाय लावलेला विक्रेता बटणं दाखवू लागला. हे बटण दाबलं की सीट गार, ते दाबलं की छत उघडं. "आणि ही आमची खासियत. तिसऱ्या रांगेत जायला हाताने काही ओढायचं नाही. एक बटण, की मधली सीट आपोआप दुमडते."

मधली सीट गुरगुरत पुढे वाकली. आप्पांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मागच्या रांगेकडे, आणि कुणाला काही कळायच्या आत ते वाकून आत शिरले.

"आप्पा, गुडघे," माई म्हणाल्या.

"बसल्याशिवाय कळायचं कसं? तुम्ही दोघं पण या रे. तीन माणसांची जागा आहे, तर तीन माणसं बसवून बघू."

डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटा, मधे आप्पा. सीट गुरगुरत परत जागेवर आली. पुढे जावईबापूंनी दोन्ही सीटची गार हवा सुरू केली, नातीने छत चार वेळा उघडून मिटलं आणि गाणी लावली, सूनबाईंनी सगळे दिवे तपासले. इंजिन बंद, गाडी सकाळपासून लोकांना दाखवून दमलेली. गाणं घोगरं झालं, दिवे मंदावले, आणि सगळं एकदम शांत झालं.

"बॅटरी बसली," जावईबापू म्हणाले.

विक्रेत्याने बटण दाबलं. सीट हलेना. मागचं दार उघडायला गेला, तर तेही बटणावरचं. हाताने उघडायची काहीतरी सोय असते म्हणाला, पण ती नेमकी कुठे असते यावर त्याचं आणि त्याच्या साहेबांचं एकमत होईना. सीटवरून चढून यावं, तर आप्पांचे गुडघे आले आडवे, आणि त्या गुडघ्यांमुळे इतर दोघांची वाटही बंद. मेकॅनिकला फोन गेला. तो जेवायला गेला होता.

पुढची मंडळी केव्हाच खाली उतरली होती. मागच्या काचा उघडणाऱ्या नव्हत्या. माई बाहेरून काचेवर टकटक करत होत्या, तोंड हलताना दिसत होतं, आवाज येत नव्हता. तिघं खांद्याला खांदा लावून बसले होते. धाकट्याचे गुडघे हनुवटीला टेकले होते.

"जुन्या गाडीत तुम्ही एवढं हसायचात कशाला?" आप्पांनी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"काही नाही, आप्पा," थोरली म्हणाली.

"मी आता कुठे उठून जाणार आहे? सांगा."

"तुमचे कान," धाकटा म्हणाला. गाडीत बसल्यावर तो बोलला, हेच नवल. "कुणी ओव्हरटेक केलं की तुमचे कान लाल व्हायचे. आधी डावा, मग उजवा. आम्ही पैज लावायचो."

"ट्रकने केलं तर एकच व्हायचा," थोरली म्हणाली. "स्कूटरवाल्याने केलं की दोन्ही, आणि मानेपर्यंत."

"आणि तुमची आई शेजारी बसून काही बोलायची नाही?"

"आईच तर आमची म्होरकी. ती सीटच्या मागे हात धरून बोटांनी खुणा करायची, कुठला कान आधी झाला त्याच्या."

आप्पांनी काचेबाहेर बघितलं. माई काळजीने आत बघत होत्या. किती वर्षं ही बाई त्यांच्या शेजारी तोंड मिटून, रस्त्यावर नजर लावून बसली होती, आणि पाठीमागे बोटं नाचवत होती. आप्पांना आधी राग आला. मग ती बोटं डोळ्यांपुढे आली, आणि पोटातून असं काही हसू उसळलं की ते पुढच्या सीटवर कपाळ टेकून हलायला लागले.

"बघ, दोन्ही झाले," थोरली कशीबशी म्हणाली. मग तिघांनाही आवरेना. गाडी जागच्या जागी डुलू लागली. बाहेर विक्रेता घाबरला, जावईबापू काचेला नाक लावून विचारू लागले, माई तर रुसल्याच, कारण आपल्याला सोडून काहीतरी चाललंय एवढं त्यांना कळलं होतं.

मेकॅनिक आला, त्याने दुसरी बॅटरी लावली, सीट गुरगुरत दुमडली. वाट मोकळी झाली. आतून कुणी उठलं नाही.

"उतरा की आता," माई म्हणाल्या.

"थांब गं जरा," आप्पा डोळे पुसत म्हणाले आणि विक्रेत्याकडे वळले. "मला एक सांगा. वरच्या मॉडेलमध्ये या मागच्या रांगेला जास्तीचं काय मिळतं?"

विक्रेता चाचरला. "तसं... सर, तिसरी रांग तिन्ही मॉडेलना सारखीच असते. सगळं काही पुढच्या दोन रांगांना."

"हीच सीट? एवढीच जागा?"

"हीच, सर."

"मग सगळ्यात खालचं द्या."

जावईबापूंचा चेहरा पडला. "आप्पा, त्यात गार सीट नाही, छत नाही. अहो, मागचा कॅमेरासुद्धा नाही. रिव्हर्स घेताना मागचं दिसणार कसं?"

"आम्ही तिघं असू की मागे. आम्ही सांगू."

गाडी घरी आली. पहिल्या सुट्टीला सातही जण तिच्यात बसले. जावईबापू स्टिअरिंगवर, शेजारी माई, मधे सूनबाई, नात आणि सगळं सामान, मागे आप्पा आणि त्यांची दोन मुलं. फाटकातून गाडी उलटी काढायची होती.

"येऊ द्या," आप्पा म्हणाले.

"थांबा," थोरली म्हणाली.

"डावीकडे घ्या, नाही, माझ्या डावीकडे," धाकटा म्हणाला.

जावईबापूंनी तिघांचंही थोडं थोडं ऐकलं, आणि नवी कोरी गाडी फाटकाच्या खांबाला जाऊन धडकली. जावईबापूंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, मान ताठ केली, आणि त्यांचा डावा कान हळूहळू लाल होऊ लागला. पुढच्या सीटमागून माईंचा हात बाहेर आला. एक बोट वर झालं, मग दुसरं.

"काय झालं?" जावईबापू आरशात बघत म्हणाले. "मागे हसताय कशाला?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आप्पांना ते कुणाला विचारावं लागलं नाही.