कुरणात वर्ज्य

“म्हणजे गवताला कावीळ झाली ती माझ्यामुळे?” मी कमरेवर हात ठेवून विचारलं.

“छे छे, माझ्यामुळे,” आमचे हे म्हणाले. “पंप माझ्याच पाठीवर होता ना! डबा कोणी वाचला होता, ते विचारूच नकोस.”

“मला मात्र तेच विचारायचंय,” सूनबाई म्हणाली. तिच्या हातात कागदाचा एक कोपरा होता. उरलेला कागद खिडकीबाहेरची काळी गाय शांतपणे चघळत होती.

आमची सूनबाई छापखान्यात मुद्रितं तपासते. म्हणजे लोकांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळतो. (घरी हेच काम ती फुकट करते.) खिडकीत ठेवलेली तिची अकरा पानं गाईने खाल्ली, हे मला मान्य आहे. पण गाय अंगणात का, तर कुरणात चारा उरला नाही म्हणून. आणि चारा का उरला नाही, तर माझ्यामुळे, असा निकाल त्या दोघांनी देऊन टाकला. अहो, कोर्टातसुद्धा आरोपीला बोलू देतात! घरात मला कोणी बोलू दिलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मुळात दोष त्या तणाचा. तीन वर्षांपूर्वी विकत आणलेल्या चाऱ्याच्या गठ्ठ्यातून ते आलं. काटेरी, पिवळ्या बोंडांचं, हातभर खोल मुळांचं. आम्ही त्याला ‘भाडेकरू’ म्हणतो. आला तेव्हा कोपऱ्यात अंग चोरून होता. आता अख्खं कुरण बापजाद्यांचं समजतो. गाईने तोंड लावलं की ओठ रक्तबंबाळ. आमच्या गाई पाच, आणि घर चालतं ते त्यांच्याच दुधावर.

“फवारणीवाल्याला बोलावू,” हे म्हणाले होते.

“घरात वाचणारी बाई असताना?” मी म्हटलं. झालं! तिथूनच घसरगुंडी लागली.

माझ्या वाचनाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. मी शाळेची पायरी चढलेली नाही. तिशी उलटल्यावर माझी मी अक्षरं शिकले, तीही डब्यांवरून, पाट्यांवरून, पुड्यांच्या कागदांवरून. तेव्हापासून चाळीस वर्षं या घरातलं प्रत्येक पत्र, प्रत्येक बिल, औषधाची प्रत्येक बाटली मीच वाचते. हे चौथी पास आहेत, पण लग्नापासून त्यांनी एक ओळ वाचलेली मी पाहिली नाही. शिकायचं त्यांनी, वाचायचं मी, अशी आमची वाटणी.

तर मी तडक दुकानात गेले. फळीवर तणनाशकांचे डबे मांडलेले. एकावर लाल, ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं : ‘कुरणात’. आणखी काय हवं? पुढे अजून एक शब्द होता, त्यावर मी बोट ठेवलं. (वाचायची संधी मी अधूनमधून दुसऱ्यांनाही देते.)

“वर्ज्य,” दुकानदार म्हणाला. “कुरणात वर्ज्य, आजी.”

असेल कंपनीचं नाव, मी मनात म्हटलं. हल्ली काय वाट्टेल ती नावं ठेवतात.

“नक्की ना?”

“शंभर टक्के. डब्यावरच छापलंय की.”

“तण मरतं ना पण?”

“तण? याच्यापुढे काही म्हणजे काही टिकत नाही. पण कुरणात वर्ज्य हं, आजी!”

“तेच हवंय मला. दोन डबे द्या.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. माझं वाचन पाहून लोक असे थक्क होतात; मला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पंप पाठीला बांधला आणि मी मागून डबा हातात धरून सूचना वाचत चालले. “वारा नसताना फवारा… हातमोजे घाला… आणि… पाणी…”

“मधेमधे थांबतेस का गं?”

“तुमच्या डोक्यात शिरायला वेळ मिळावा म्हणून!”

ओढ्याच्या अलीकडचं अर्धं कुरण झालं तेव्हा डबे संपले. मी कुंपणावरून शेजाऱ्यांनाही ओरडून सांगितलं, “घ्यायचं तर वर्ज्य कंपनीचंच घ्या हो!” शेजारी हसले. मला वाटलं, आभार मानताहेत.

आठव्या दिवशी गवत पिवळं पडलं. पंधराव्या दिवशी जुन्या पायपुसण्यासारखं दिसायला लागलं. आणि तिसऱ्या आठवड्यात त्या उजाड जमिनीतून पहिलं हिरवं पान वर आलं, ते कोणाचं असेल? भाडेकरूचं! गवत मेलं, त्यामुळे त्याला आता जागाच जागा. ओढ्यापलीकडे गवत आहे, पण ते काट्यांत अडकलेलं. म्हणून गाई अंगणात, आणि म्हणून ती अकरा पानं गाईच्या पोटात. आता कळली ना सगळी साखळी?

तर भांडण तिथवर आलं होतं. सूनबाईने कोपऱ्यात पडलेला रिकामा डबा उचलला आणि मोठ्याने वाचलं, “‘कुरणात वर्ज्य.’ आई, वर्ज्य म्हणजे मनाई. वापरू नका!”

मग मी पेटले.

“मग ‘नको’ म्हणायला काय झालं होतं त्यांना? दोन अक्षरं! तान्हं पोरसुद्धा बोलायला लागलं की आधी तेच म्हणतं. विषाच्या डब्यावर कोणी काव्य करतं का? नको तिथे नको लिहा, मरेल तिथे मरेल लिहा!” (माझं हे मत आजही कायम आहे. डब्यावरची भाषा डबा घेणाऱ्याला समजावी. छापणाऱ्यांनी लाज बाळगावी.)

“शब्द अवघड आहे, कबूल,” सूनबाई म्हणाली. “पण अर्थ राहू द्या. नुसता वाचून दाखवा बरं.”

“उजेड कमी आहे.”

“दुपारचा एक वाजलाय, आई.”

मी डब्याकडे पाहिलं. व ओळखीचा होता. त्याच्यापुढे दोन-तीन अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसली होती. रस्त्यात अनोळखी माणूस दिसला की आपण मान हलवून पुढे जातो ना? चाळीस वर्षं मी जोडाक्षरांशी तसंच वागत आले. एखादं गाळलं म्हणून कधी पत्र अडलं नाही, की कोणाचा खोकला थांबायचा राहिला नाही.

“आई,” सूनबाई हळूच म्हणाली, “तुम्हाला जोडाक्षरं येतच नाहीत!”

हे एवढे हसले, एवढे हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. “अगं, मग तुझ्यापेक्षा ती काळी बरी! अकरा पानं जोडाक्षरांसकट रिचवली तिने!”

“तुम्हाला येतात ना? मग तुम्ही का नाही वाचलंत?”

“तू वाचत होतीस ना!”

मग हसू पुसून त्यांनी टेबलावरचा नवा डबा पुढे सरकवला. सकाळीच आणला होता. गवताला हात न लावता फक्त भाडेकरूला मारणारा. “ओढ्यापलीकडचं अर्धं कुरण राहिलंय. हा डबा चुकला, तर पाचही गाई धाकट्याकडे पाठवाव्या लागतील. म्हणून हा सूनबाई वाचेल. आणि यापुढे या घरात काय वाचायचं ते तीच वाचेल.”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. माझा धाकटा दीर गाईंना पाणी पाजायचंसुद्धा विसरतो. आणि चाळीस वर्षांचं माझं वाचन कोणी असं हातातून काढून घेतं का?

“मी अजिबात वाचणार नाही,” सूनबाई फणकारली. “कोणाच्या हातातलं काढून घ्यायला मी आलेले नाही या घरात. आणि माझ्या अकरा पानांचं आधी कोण बोलणार?”

“मग मी वाचते!” म्हणून मी डबा ओढला. “‘दहा लिटर पाणी… घालून…’” इथवर सगळं सुरळीत होतं. पुढे किती घालून, काय घालून, त्याची एक लांबलचक रांग, आणि रांगेत सगळे एकमेकांच्या खांद्यावर बसलेले.

काळीने खिडकीतून मान आत घातली आणि बाकीच्या चौघींनी मागून हंबरून घर डोक्यावर घेतलं. सकाळपासून पोटात कागदच तेवढा, आणि तोही एकीच्याच.

मी खुर्ची ओढली, चष्मा पदराने पुसला, डबा मधोमध ठेवला, आणि ह्यांच्याकडे न बघता म्हटलं, “सूनबाई, बस इथे, ‘ढ’ मला चांगला येतो, तू जोडाक्षरांपासून सुरू कर.”