सासूबाईंना समुद्र दाखवायचा होता

"बाकीचं राहू द्या हो, आधी छपरं किती ते सांगा!" शाद्रक मुहांजी फोनवर ओरडला.

"साहेब, खोलीतून समुद्र दिसतो, नाश्ता फुकट..."

"सासूबाई बरोबर आहेत."

"अरे देवा! मग दोन खोल्या घ्या की."

"दोन खोल्यांनी काय होतंय? सासू आणि जावई एका छपराखाली झोपले हे काकामेगात कळलं, तर मला कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही!"

हॉटेलवाल्याने सहानुभूतीने फोन ठेवला. पश्चिम केनियातल्या लुह्या जमातीत जावयाचं हे असंच असतं. सासूच्या तोंडाकडे बघायचं नाही, तिला हात लावायचा नाही, तिचं नाव तर चुकूनही घ्यायचं नाही. बोलायचंच झालं तर मध्ये तिसरं माणूस लागतं. शाद्रकच्या संसारात हे तिसरं माणूस म्हणजे त्याची बायको, त्रुफेना. एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या नवऱ्याचे आणि आईचे निरोप इकडून तिकडे करता करता ती बिचारी मेटाकुटीला आली होती.

पण सासूबाईंना समुद्र दाखवायचा, असा शब्द शाद्रकने दिला होता. सासूबाईंच्या, म्हणजे रिस्पाबाईंच्या, नवऱ्याची सगळी हयात मोंबासाच्या बंदरात हमाली करण्यात गेली. दर नाताळला घरी आला की तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी तुला समुद्र दाखवतो." असं म्हणता म्हणता एक दिवस तो वारला. आता म्हातारीच्या डोळ्यांवर पडदा चढू लागला होता. आणि एका लग्नात, भर पंगतीत, शाद्रक समोरच्या भिंतीला म्हणाला होता, "दिसतंय तोवर सासूबाईंना समुद्र मी दाखवणार!" सगळ्या गावाने ते ऐकलं होतं. आता माघार घेतली तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

शेवटी त्रुफेनानेच मार्ग काढला. "शिमोनीच्या धक्क्यासमोर एक छोटं बेट आहे. गावातल्या बायका आपल्या झोपड्या पाहुण्यांना देतात. पैसा गावातच राहतो. दोन झोपड्या, दोन छपरं, मध्ये चांगलं मोठं अंगण!"

"आणि भाडं एवढंसंच?" शाद्रकच्या मनात पाल चुकचुकली. पण छपरांच्या मोहापुढे त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

होडीत पाय ठेवताच रिस्पाबाईंनी अंगावर गुंडाळलेलं रंगीत कापड, लेसो, डोक्यावरून ओढलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. "त्रुफेना, तुझ्या नवऱ्याला सांग, पायाखाली जमीन आल्याशिवाय मी समुद्र बघायची नाही. बुडायचंच असेल तर न बघता बुडेन." बेटावर पोचेपर्यंत अंधार पडला होता. घरमालकीण मेजुमाबाईंनी नारळाच्या दुधातला भात वाढला आणि वाढता वाढताच ताकीद दिली, "प्लास्टिक फेकायचं नाही, शिंपला उचलायचा नाही, तारामाशाला हात लावायचा नाही. बाकी घर तुमचंच आहे."

सकाळी तोंडही न धुता शाद्रक किनाऱ्यावर गेला, आणि त्याची बोबडीच वळली. समुद्र नव्हता! जिकडे बघावं तिकडे ओली वाळू, डबकी आणि काळे खडक. त्यात गावातल्या बायका खुंट्यांना दोऱ्या बांधून शेवाळाची शेती करत होत्या.

"बाई! अहो बाई! समुद्र कुठाय?"

"गेलाय," नारळ खवता खवता मेजुमाबाई म्हणाल्या.

"गेलाय म्हणजे?"

"ओहोटी आहे. जेवायच्या वेळेला येईल."

"येईल? आमचं किसुमूचं सरोवर बघा! रात्री झोपा, सकाळी उठा, आहे तिथे आहे! आता कळलं स्वस्त का ते. अर्ध्या वेळेचा समुद्र, म्हणून अर्धं भाडं!"

"ओरडलात म्हणून लवकर यायचा नाही तो."

एवढ्यात पलीकडच्या झोपडीचं दार करकरलं. शाद्रकचं धाबं दणाणलं. त्रुफेना विहिरीवर गेलेली, आता सासूबाईंना अडवणार कोण आणि कसं? त्याने एका उपड्या होडीमागे उडी मारली. रिस्पाबाई त्याच्या समोरूनच वाळू उतरल्या आणि सरळ समुद्राच्या तळावर चालू लागल्या.

हा निघाला मागे. पण म्हातारी पावलापावलाला थांबून मागे वळून बघायची. ती वळली की हा गर्रकन पाठ फिरवायचा आणि तसाच उलटा चालायचा. जन्मभर घेवड्याचे वाफे सांभाळलेल्या रिस्पाबाई शेवाळाच्या दोऱ्या अलगद ओलांडत होत्या. हा मात्र प्रत्येक दोरीत अडकत होता.

"ओ भाऊ, पीक आहे ते! उखडलंत तर उद्या येऊन बांधून द्यावं लागेल!" बायका ओरडल्या. आणि किनाऱ्यावरून मेजुमाबाईंची हाक आली, "पाणी फिरलं! परत या!"

आता आली का पंचाईत! सासूला हाक मारावी तर नाव घ्यायची सोय नाही. शाद्रक आभाळाकडे तोंड करून ओरडला, "ए वाऱ्या! पुढे कुणी चाललं असेल तर त्यांना सांग रे, पाणी भरतंय!" वारा समुद्राकडून येत होता. निरोप शाद्रकच्याच तोंडावर आपटला. त्याने आणखी एक पाऊल मागे टाकलं, ते नेमकं एका काळ्या काटेरी गोळ्यावर.

"आई गं! मेलो!"

ते मात्र रिस्पाबाईंना ऐकू गेलं. त्या आल्या, जरा लांब उभ्या राहिल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या. शाद्रक पाय धरून तिसरीकडे बघू लागला. बोलायला मध्ये कुणी नव्हतं. शेजारच्या डबक्यात एक लालभडक तारामासा पडला होता, तेवढाच काय तो.

"ए बाई," रिस्पाबाई तारामाशाला म्हणाल्या, "या माणसाला विचार, काय झालं?"

"काटे रुतलेत म्हणावं," शाद्रक तारामाशाला म्हणाला. त्याला रडूच आलं. "आणि समुद्र दाखवायला आणलं नि समुद्रच नाही, त्याची लाज वाटतेय म्हणावं."

"डोकं फिरलंय का म्हणावं त्याचं! माणसं समुद्र वरून बघतात आणि घरी जातात. मला देवाने झाकण काढून दाखवलाय." म्हातारीने डबक्याकडे बोट केलं. "त्या डबक्यात निळे मासे आहेत, अगदी निळे, शपथेवर सांगते! खडकाला फुलं आहेत नि ती मिटतात. आत किती काय काय रटरटतंय, सांग त्याला!"

पाणी घोट्यापर्यंत आलं. रिस्पाबाईंनी लेसो सोडला आणि त्याचं एक टोक मागे भिरकावलं. "हे धर म्हणावं. कापडाला रीत लागू नाही." शाद्रकने टोक धरलं. आभाळाकडे बघत, एका पायावर लंगडत तो निघाला, आणि म्हातारीने त्याला दाव्याच्या वासरासारखा किनाऱ्याला आणला. शेवाळवाल्या बायका हसून हसून दोऱ्यांवर पडल्या.

मेजुमाबाईंनी त्याच्या तळव्याला कच्च्या पपईचा चीक लावला. रिस्पाबाई समुद्राकडे तोंड करून बांधावर बसल्या होत्या. म्हणून शाद्रक अंगणात त्यांच्याकडे, म्हणजे आपसूकच समुद्राकडे, पाठ करून बसला. मागून आधी पाण्याची कुजबुज ऐकू आली, मग गाज. झोपडीच्या भिंतीवर उजेड हलायला लागला. रोज बघणाऱ्या मेजुमाबाईंचासुद्धा चीक लावणारा हात थांबला.

"शाद्रक."

शाद्रक दचकला. सासूने त्याचं नाव आजवर कधी घेतलं नव्हतं. त्याने त्रुफेनाला शोधलं. ती पुन्हा विहिरीवर गेली होती.

"तुलाच म्हणतेय. वळ इकडे."

"अहो, रीत..." शाद्रक पपईकडे बघून पुटपुटला.

"रीतीचं मी बघते. देवाने विचारलं तर त्याला उत्तर मी देईन. एवढं मोठं दारात आलंय आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचं? ये इथे. हे मला एकटीला बघवत नाही रे."

शाद्रक वळला. मघाशी तो जिथे लंगडला होता तिथे आता नुसतं निळं होतं. दोऱ्या नाहीत, खडक नाहीत, पार आभाळापर्यंत पाणी, आणि त्याचा फेस म्हातारीच्या पायाच्या बोटांना लागत होता. तो लंगडत गेला आणि बांधावर सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसला.

डोक्यावर पाण्याचा डबा घेऊन त्रुफेना अंगणात आली. सासू आणि जावई शेजारी-शेजारी फक्त मयताच्या घरी बसतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. डबा धाडकन खाली पडला.

"अगं आई गं! कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," समुद्रावरची नजर न काढता रिस्पाबाई म्हणाल्या. "गप बस इथे, आणि बघ."