तीस टक्के जोर

"दुखलं का हो?" दातांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं आणि उत्तर म्हणून त्यांच्या कपाळावर ग्लोव्ह बसला.

मास्तरांनी शिट्टी फुंकली. "डॉक्टर, किती वेळा सांगू? इथे विचारायचं नसतं!"

"पण त्यांनी हात वर केला ना!"

"बॉक्सिंग आहे हे. हात वरच असतात."

बाईंची अडचण खरी होती. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या, "दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन." त्यामुळे समोर डावा हात वर दिसला की त्या थांबायच्या. इथे तर जो येईल तो डावा हात वर धरूनच यायचा. बाई थांबायच्या, तोवर समोरच्याचा ठोसा निघालेला असायचा, तो त्यांना लागायचा आणि बघणारे त्या बिचाऱ्यावरच तुटून पडायचे, "अरे, नुसत्या उभ्या असलेल्या बाईला मारतोस?" हळूहळू बाईंचा नंबर आला की कुणाचा घोटा मुरगळू लागला, कुणाचा मेहुणा अचानक गावाहून येऊ लागला.

"आज शेवटचं," मास्तर म्हणाले. "एक फेरी न थांबता खेळायची. शिवाय तुमच्याशी नेहमी खेळेल असा एक तरी माणूस दाखवायचा. नाहीतर उद्यापासून पाचच्या बॅचला."

पाचच्या बॅचला शाळेतली मुलं दोरीवरच्या उड्या मारत. त्यातल्या दोघांच्या दातांना तारा बाईंनीच बसवल्या होत्या. त्यांच्यासमोर उड्या मारणं बाईंना मुळीच मंजूर नव्हतं. शिवाय दिवसभर साऱ्या जगाशी हळुवार वागल्यावर, तसं न वागण्याचा हा एकच तास त्यांच्या वाट्याला येत होता.

सकाळच्या बॅचमधून नुकतेच आलेले एक वकील होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नसल्यामुळे ते तयार झाले.

"तीस टक्के जोर," मास्तरांनी बजावलं.

"कुणाच्या जोराच्या? माझ्या, की बाईंच्या?"

"अहो, हळू मारायचं."

"मग हळू म्हणा. तीस म्हटलं की वाद आलाच."

वकिलांनी दातांवर रबरी गार्ड चढवायला तोंड उघडलं आणि बाई दचकल्या. चेहरा नव्हे, पण दाढ ओळखीची होती. वरची, डावीकडची, तात्पुरती टोपी घातलेली. रूट कॅनॉल अर्धवट टाकून पसार झालेला पेशंट! दवाखान्यातून फोन गेला की "साहेब कोर्टात आहेत," हे एकच उत्तर यायचं. वकिलांनी मात्र बाईंना ओळखलं नाही. त्यांनी बाईंना मास्कशिवाय कधी पाहिलंच नव्हतं.

आता त्या गालावर मारायचं कसं? आपणच बसवलेली टोपी आपणच उडवायची? बाई पोटावरच मारू लागल्या, तेही उशी झटकावी तसं.

वकिलांनी गार्ड काढून ग्लोव्हवर घेतलं. "बाई, मला काय आजोबा समजता? तोंडावर मारायला बंदी आहे का?"

"तसं नाही हो."

"मग मारा की!" गार्ड परत तोंडात घालून त्यांनी कसं मारायचं ते करून दाखवलं.

आपल्याला बसेल तेवढ्याच जोराने परत द्यायचं, त्याहून जास्त नाही, हा त्या हॉलचा शिष्टाचार होता. तो सगळे काटेकोर पाळत आणि म्हणूनच रोज कुणाचं तरी नाक सुजे, कारण दिलेल्या ठोशापेक्षा बसलेला नेहमीच जास्त वाटतो. वकिलांचे चाळीस टक्के बाईंना साठ वाटले. त्यांनी प्रामाणिकपणे साठ परत केले. ते वकिलांना ऐंशी वाटले.

"तीस! तीस!" मास्तर ओरडले.

"तीसच आहेत!" दोघांनी तोंडातल्या तोंडात खात्री दिली.

पुढचे तीस टक्के बाईंच्या नाकावर आले. डोळ्यांत पाणी आलं, दाढ विसरली, टोपी विसरली आणि बाईंचा उजवा हात वकिलांच्या डाव्या गालावर असा बसला की कोपऱ्यातला दोरीवाला उडी मारायचं विसरला.

वकील जागीच थिजले. मग त्यांनी डावा हात सरळ छताकडे उचलला. बचावासाठी नव्हे; एखाद्या पेशंटने उचलावा तसा.

बाई क्षणभर घुटमळल्या.

"डॉक्टर, थांबायचं नाही!" मास्तर गरजले.

बाई थांबल्या नाहीत. पोटात एक दिला.

घंटा वाजली. "जमलं! डॉक्टर, जमलं तुम्हाला!" मास्तर टाळ्या पिटू लागले. वकील खाली बसले होते. त्यांनी गार्ड काढलं, तर आत टोपी रुतलेली.

बाईंनी हेल्मेट उतरवलं आणि गुडघ्यांवर बसल्या. "आ करा. मोठा आ. अजून मोठा."

ते शब्द ऐकताच वकिलांचा चेहरा पांढरा पडला. "तुम्ही... त्याच?"

"उद्या सकाळी दवाखान्यात या. आता टाळता येणार नाही."

"फेरी झाली," मास्तरांनी आठवण करून दिली. "आता नेहमीचा जोडीदार कोण?"

सारा हॉल आपापल्या बुटांच्या नाड्या तपासू लागला. बाईंनीही मान खाली घातली.

"मी," वकील गाल धरून म्हणाले.

"तुम्ही?" बाईंना खरंच वाटेना. "एवढं लागल्यावर?"

"बाई, उद्या तुमच्या खुर्चीत बसायचंच आहे मला. इथे निदान उलट मारता तरी येतं."