दह्यातल्या जंतूंची सुनावणी

बसा रे पोरांनो. बंड्या, नाकातलं बोट काढ आधी, मग सांगते. जंगल होतं एक. कुठलं म्हणून विचारू नका. पान हललं तरी जिथे चौकशी बसते, तसलं.

तिथे भागाक्का नावाची म्हैस राहायची. तिच्याकडे दह्याचं गाडगं होतं. संध्याकाळी शेजारणी वाटी घेऊन यायच्या आणि चमचाभर विरजण न्यायच्या. विरजणाला नाही म्हणायचं नाही, अशी तिथली रीत.

एकदा तानूबाई साळिंदरीण धापा टाकत आली. तिचं पोर, काट्या, दोन दिवस जुलाबाने बेजार होतं. पार मलूल झालं होतं बिचारं.

"भागाक्का, पोटात काही ठरत नाही गं त्याच्या. तुझं दही तेवढं सोसतं त्याला."

भागाक्का दही वाढणार, तोच बगळे डॉक्टर आले. जंगलाचे आरोग्य अधिकारी ते! पांढरेशुभ्र, एका पायावर उभे. नवं सूक्ष्मदर्शक मिळालं होतं, म्हणून दिसेल त्यात डोळा घालत हिंडत होते. दह्यात घातला आणि किंचाळलेच.

"यात जंतू आहेत! जिवंत!"

"असणारच," भागाक्का म्हणाली. "नाहीतर दूध काय माझ्या धाकाने विरजतं?"

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. दह्यातले जंतू एक प्रथिन बनवत होते. ते लागलं की दह्यात शिरलेले रोगाचे जंतू पटापट मरत होते.

"अरे बापरे, हे तर मारतात! कोणाच्या परवानगीने?"

"अहो, वाईट जंतूंना मारतात. पोराच्या पोटात तेच तर बसलेत!" भागाक्का म्हणाली.

"ते सुनावणीत ठरेल."

गाडग्याला सील लागलं. सगळ्यांचं विरजण तिथलंच, म्हणून घरोघरचं दहीही जप्त झालं.

"एक वाटी तरी द्या हो," तानूबाई रडायला लागली.

"मुद्देमाल खाता येत नाही, बाई."

वडाखाली सुनावणी बसली. न्यायाधीश होते कासवराव. दोन्ही बाजूंना नोटिसा गेल्या. दह्यातले जंतू गाडग्यासकट हजर होते. रोगाचे जंतू काट्याच्या पोटातून काही हलले नाहीत. कासवरावांनी त्यांची तीन दिवस वाट पाहिली.

"पोर हातचं जाईल हो माझं!" तानूबाई ओरडली.

"शांतता राखा. प्रतिवादी येताहेत."

चौथ्या दिवशी निकाल लागला. "दोघेही जंतूच, आणि कायदा सर्वांना सारखा. गैरहजर आहेत त्यांना काही करता येत नाही. हजर आहेत त्यांना उकळा. प्रथिन मात्र गुणाचं आहे, त्याचं उत्पादन चालू ठेवा."

"अहो, जंतूच उकळले तर उद्या ते करणार कोण?" भागाक्काने विचारलं.

"त्यासाठी समिती नेमली आहे."

दही उकळलं. फाटून त्याचं पाणी झालं. त्यातलं वाटीभर तानूबाईच्या हातात दिलं, वर 'जंतुमुक्त' असा दाखलाही दिला. ती धावत घरी गेली.

काट्या गेला होता.

राग येतो रे सांगतानासुद्धा. एक वाटी दही मागत होती ती, दुसरं काय मागत होती?

दुसऱ्या दिवशी बगळे डॉक्टर पाहणीला आले. एका पायावर उभं राहून त्यांनी अहवाल लिहिला: "रुग्णाचे जुलाब पूर्णपणे थांबले."

तात्पर्य: मुलांनो, कोणाच्या पोटात शिरायचंच असेल तर रोगाचे जंतू होऊन शिरा, तिथवर नोटीस पोचत नाही. भलं करायची हौस असेल तर खुशाल करा, पण बोलावल्यावर हजर राहू नका.