म्हैस पलीकडं कशी न्यायची

खंडेनवमीच्या सकाळी भरमाप्पा पाटावर पांढरं कापड अंथरून बसले आणि तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं, की पुजायला घरात हत्यारच नाही.

उभा जन्म मार्केट यार्डात गुळाची अडत केलेला माणूस. दुकानातली खंडेनवमी म्हणजे काटा धुवायचा, वजनं चिंचेनं घासायची, हमालांचे लोखंडी आकडे ओळीनं मांडायचे, टेम्पोला झेंडूचा हार घालायचा. बायकोनं, नीलम्मानं, दिलेला पेढ्यांचा डबा दुपारपर्यंत रिकामा व्हायचा. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून दुकान विकलं, आणि काटा दुकानाबरोबर गेला. नीलम्मा तर त्याच्याही आधीच गेली होती. राजारामपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हत्यार म्हणावं असं काय उरलं? विळी, अडकित्ता, गॅसचा लायटर आणि नेलकटर. भरमाप्पांनी ही चौकडी पाटावर मांडली, आणि बघून त्यांनाच कसंतरी झालं.

मग त्यांना गेमची आठवण झाली.

त्याचं असं, की त्यांची एकुलती एक लेक सौंदर्या पुण्यात नोकरीला. तिचा फोन रोज दिवेलागणीला यायचा, पण ठरलेला. "अप्पा, जेवलासा? गोळी घेतलासा? बरं, ठेवतो." ऑफिसात 'ठेवते' म्हणणारी ही पोर बापाशी मात्र कोल्हापूरचं 'ठेवतो'च म्हणायची, आणि म्हटल्याप्रमाणे ठेवायची. तिची तरी काय चूक? बापलेक आजवर नीलम्माच्या मार्फतच बोलत आलेले. मधला माणूस गेल्यावर दोन्हीकडच्यांना बोलायचं काय ते सुचेना.

गणपतीला आली तेव्हा सौंदर्या तिचा हातात धरून खेळायचा गेम इथंच ठेवून गेली. "डोकं चालू राहतंय, अप्पा. उगं टीव्हीपुढं बसू नका." त्यात एक टोपीवाला बारका गडी होता. त्यानं उड्या मारत फळीवरनं फळीवर जायचं, पेट्या ढकलून बटनावर बसवायच्या, मग दार उघडायचं आणि पुढचं कोडं सुरू. तिसऱ्या दारापाशी भरमाप्पा अडकले आणि त्यांनी फोनवर सहज विचारलं, "दोन बटनं हायत आणि पेटी एकच. कसं करायचं?" त्या दिवशी फोन इतका लांबला, की गॅसवरचं दूध उतू गेलं.

तेव्हापासून गुळाच्या सौद्यात कधी न अडलेला हा माणूस रोज संध्याकाळी न चुकता अडायला लागला. कधीकधी कोडं दुपारीच सुटायचं, पण ते तसं सांगायचे नाहीत. दूध आधी उतरवून ठेवायचे आणि फोनची वाट बघायचे.

तर हत्यार म्हणजे तरी काय? ज्याच्यावर माणसाचं चालतं ते. भरमाप्पांचं सध्या गेमवर चालत होतं. त्यांनी तो कपाटातून काढून पाटाच्या मधोमध ठेवला.

हत्यार पुजायच्या आधी धुवायचं, ही रीत. गेम नळाखाली धरायचा नसतो एवढी अक्कल त्यांना होती, म्हणून त्यांनी तो तांब्यातल्या पाण्यानं धुतला. पडद्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, बटनांवर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी सगळ्या हत्यारांवर सारखं शिंपडलं. लेकीची वस्तू म्हणून गेमवर जरा जास्तच शिंपडलं.

पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. त्यामुळं नारळाच्या पाण्याला आत मुरायला भरपूर सवड मिळाली. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर भरमाप्पांनी बटन दाबलं, तर गेम ढिम्म.

खालच्या मजल्यावरचे उदयसिंह सोनं द्यायला वर आले होते. एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यांच्याकडं कुठल्याही बिघाडावर इलाज तयार.

"पाणी लागलं व्हय? मग तांदळात पुरा की! माझ्या मेव्हण्याचा मोबाईल संडासात पडलाता. तांदळातनं काढल्यावर आधीपेक्षा झ्याक वाजालाय."

भरमाप्पांनी गेम तांदळाच्या डब्यात पुरला. दुसऱ्या दिवशी उकरून काढला, तर चार्जिंगच्या भोकात तांदळाची एक कणी जाऊन बसलेली. उदयसिंहांनी ती टाचणीनं काढायला घेतली आणि पार आत ढकलली.

"असू द्या," ते म्हणाले, "आता वारं द्यायचं." आणि खाली जाऊन सुनेचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आले.

ड्रायरची गरम हवा बसल्यावर आतल्या नारळाच्या पाण्याचा पाक झाला. पाकातलं भरमाप्पांना कुणी शिकवायला नको होतं. डावीकडचं बटन त्यांनी बोटानं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं आणि हताशपणे म्हणाले, "दोन तारी झालाय."

तेवढ्यात फोन वाजला.

"अप्पा, सुटलं का कोडं?"

खरं सांगितलं तर ती रागावली नसती. 'असू दे, अप्पा' म्हणाली असती, आणि उद्यापासून पुन्हा जेवलासा, गोळी घेतलासा, ठेवतो. भरमाप्पांना त्या 'ठेवतो'चीच धास्ती होती.

"सुटलं की!" ते म्हणाले. "पण आता पुढं अडलोय. पुढं... पूल हाय एक."

"बरं. आणि?"

आणि काय, ते भरमाप्पांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी उदयसिंहांकडं बघितलं. उदयसिंह कानाशी येऊन कुजबुजले, "म्हैस घाला."

"पुलावर म्हैस बसलीया," भरमाप्पा म्हणाले.

 मग सौंदर्यानं विचारलं, "केवढी हाय?"

"चांगली मुऱ्हा हाय. सगळा पूल अडवलाय."

"मग ढकलून न्हाय हलायची ती. पलीकडं कुठं पेंड ठेवलीया का बघा. वास आला की आपणहून उठंल."

"आयला, हुशार हाय पोरगी!" उदयसिंह मोठ्यानं म्हणाले, आणि भरमाप्पांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

त्या दिवसापासून भरमाप्पांना काम लागलं. रोज संध्याकाळपर्यंत एक नवीन कोडं तयार पाहिजे. सकाळी बागेत फिरताना, भाजी घेताना, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना ते मनात पेट्या आणि बटनं मांडायचे. एकदा त्यांनी टोपीवाल्याला शिरोळच्या पुरात पत्र्यावर बसवला. एकदा गुऱ्हाळात घातला. तिथं उसाच्या रसाची काहील उकळत होती आणि पाक उतरायच्या आत दार गाठायचं होतं. सौंदर्या सगळं नीट ऐकून घ्यायची, उलट विचारायची, "वाऱ्याची दिशा कुठली हाय, अप्पा?" आणि उत्तर काढायची. म्हशीला तिनं पुढच्या तीन कोड्यांत कामाला लावली. उदयसिंह तर रोज फोनच्या वेळेला खुर्ची ओढून बसायला लागले.

पण फोन संपला, उदयसिंह खाली जेवायला गेले, की घर पुन्हा एकट्याचं व्हायचं. भरमाप्पा तो बंद गेम मांडीवर घेऊन बसायचे. लेकीशी आपण खोटं बोलतोय याचं त्यांना फार वाईट वाटायचं. आणि उद्या काय खोटं बोलायचं, याची काळजी त्याहून जास्त वाटायची.

एके दिवशी उदयसिंह गावाला गेले होते आणि भरमाप्पांच्या पायाला कळ लागलेली. दिवसभरात कोडं काही सुचलं नाही. फोन आला तेव्हा ते नुसतेच अंधारात बसून होते.

"आज कुठं अडलासा?"

"एक दार हाय," ते म्हणाले, आणि मग आपोआप बोलत गेले. "दोघंजण हायत, एक गडी आणि एक बाई. दोघं मिळून इथवर आल्यात. दार एकालाच घेतंय. बाई पुढं गेली आणि दार लागलं. आता अलीकडं ना पेटी हाय, ना बटन. गडी नुसता हुबा हाय. त्येनं काय करायचं?"

  फोन कटला की काय, म्हणून त्यांनी कानापासून काढून बघितला.

"अप्पा," सौंदर्या अखेर म्हणाली. "ही लेव्हल फोनवर न्हाय सुटायची. मी येतो दिवाळीला. बसून बघूया."

"अगं, रजा न्हाय म्हणालीस न्हवं?"

"काढतो. ती लेव्हल मला बघायचीया."

फोन ठेवल्यावर भरमाप्पा आनंदानं उठले, देवापुढं दिवा लावला, नीलम्माच्या फोटोला सांगितलं, "येतीया गं!" आणि दुसऱ्या क्षणाला मटकन खाली बसले. दाखवणार काय?

सकाळी दुकानं उघडायच्या वेळी ते मोनाच्या पायरीवर हजर होते. मोना म्हणजे राजारामपुरीतली मोबाईल दुरुस्त करणारी बाई, तोंडानं फटकळ आणि हातानं चलाख. तिनं गेम उघडला, भिंगातून बघितलं, वास घेतला.

"काका, ह्येच्यात कुंकू हाय."

"खंडेनवमी व्हती."

"आणि खोबऱ्याचा वास येतोय. आणि ह्यो भात?"

"तांदूळ हाय. कणी."

"नैवेद्य पण दाखवलासा म्हणा की." मोनानं कपाळाला हात लावला. "मीबी माझा स्क्रूड्रायव्हर पुजतो, काका. पण लाईटीवर चालणाऱ्या वस्तूला लांबनं नमस्कार करायचा असतोय! ठेवून जावा. खात्री देत न्हाय, बघतो."

मोनाच्या हाताला यश होतं. सौंदर्या यायच्या दिवशी गेम चालू झाला. पडद्याचा एक कोपरा कुंकवानं कायमचा लाल झाला होता, आणि टोपीवाला बटन दाबो न दाबो डावीकडंच चालत सुटायचा. पण चालू झाला. भरमाप्पांनी घरी आल्यावर बघितलं, तर कोडं दसऱ्याआधीचंच, एक पेटी आणि एक शिडी. ना पूल, ना म्हैस.

सौंदर्या आली. चहा झाला. बसला गर्दी होती का, होती. पुण्यात थंडी पडली का, नाही अजून. तेवढ्यावर दोघांचं बोलणं संपलं. फोनवर तासभर बोलणारे बापलेक एकमेकांसमोर बसून टीपॉयकडं बघत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "दाखवा की, अप्पा, ती लेव्हल."

भरमाप्पांनी गेम आणून तिच्या हातात दिला. "सौंदर्या, मी तुझी वस्तू बिघडवली. खंडेनवमीला पुजली आणि बंद पडली. दसऱ्यापासनं सांगत आलोय ते सगळं खोटं हाय." 

सौंदर्या लाल कोपऱ्याकडं बघत होती. टोपीवाला डाव्या भिंतीला धडका मारत होता.

"ठाऊक हाय, अप्पा," ती म्हणाली. "ह्यो गेम मी कवाच संपवलाय. ह्येच्यात म्हैस न्हाय."

"मग पहिल्याच दिवशी बोलली न्हाईस ते?"

"बोललो असतो तर उद्या काय बोललो असतो?" तिनं गेम बंद केला. "तिकडं तरी मी कुणाशी बोलतोय, अप्पा? ऑफिसातनं यायचं, कुलूप काढायचं. तुमचा पूर मी जेवताना ताटात मांडून बघायचो. आमटी म्हणजे पाणी."

भरमाप्पांना काहीतरी म्हणायचं होतं. तिलाही होतं. दोघं पुन्हा टीपॉयकडं बघत बसले. बाहेर दिवेलागण झाली, कुणाकुणाच्या दारात आकाशकंदील लागले, आणि या घरात पंख्याचा तेवढा आवाज.

सौंदर्या एकदम उठली आणि गॅलरीत गेली. लगेच भरमाप्पांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी बघितलं, लेकीचंच नाव. गॅलरीत ती पाठमोरी उभी होती, फोन कानाला लावून.

त्यांनी उचलला.

"अप्पा, जेवलासा?"

"न्हाय अजून. लेक आलीया पुण्यासनं, ती करणार हाय."

"बरं. म्हैस कुठं हाय आता?"

भरमाप्पा खुर्चीत नीट टेकून बसले. "दाराला टेकून बसलीया," ते म्हणाले, "त्या गड्याजवळ. आणि तुला सांगतो, उठायचं नावच घेईना."

"मग नका उठवू तिला," गॅलरीतून आणि फोनमधून दोन्हीकडून आवाज आला, "बसू दे की."