रिबकामावशींचा शनिवार

रिबकामावशी कधी कुणाला टाकून बोलल्या नाहीत. ते काम त्यांच्या डाव्या हातावर बसलेली कोळीआजी करायची.

कोळीआजी म्हणजे काळ्या मोज्याची, आठ पायांची बाहुली. पाठीवर लाकडाची इवलीशी वाटी. महाराष्ट्र मंडळाच्या मीटिंगला डॉक्टर असलेल्या अध्यक्षांचं भाषण लांबलं की मावशी गंभीर चेहऱ्यानं तिला पर्समधून बाहेर काढत. "डॉक्टर, मला आठ पाय आहेत, आठही झोपले," आजी म्हणायची. लगेच मावशी तिला दटावत, "असं बोलू नये गं मोठ्या माणसांना!" आणि अध्यक्षांची माफी मागत. अध्यक्ष माफही करत.

मावशी मूळच्या रेवदंड्याच्या, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. गावात या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद असे. नर्स म्हणून मावशी अमेरिकेत आल्या आणि शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या मागच्या रस्त्यावर राहू लागल्या. नवरा वॉल्टर ओक्लाहोमाचा, चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीतला, सुतारकाम करणारा. तो दिवसातून मोजकंच बोलायचा. उरलेलं मावशी बोलत.

देश सुटला, पण मावशींनी शनिवार सोडला नाही. त्या दिवशी विस्तव नाही, विजेचं बटण नाही, गाडी नाही. दुसऱ्याला सांगून करून घेणंही नाही. मात्र शेरा मारायला बंदी नव्हती. "किटली आज फारच थंड बसलीये," असं त्या खिडकीकडे बघून म्हणत, आणि वॉल्टर उठून गॅस पेटवायचा. संध्याकाळी म्हणत, "आज काळोख जरा जास्तच आहे, नाही?" वॉल्टरला एवढं मराठी पक्कं कळायचं. दिवा लागायचा. मावशी चकित होत. "बघ! कुणी सांगितलं होतं का याला?"

आकाशात तीन तारे दिसले की शनिवार संपे. ढग असले तर मावशींचा शनिवार रविवारच्या नाश्त्यापर्यंत लांबायचा.

"मावशी, घड्याळ बघा की," मी एकदा म्हटलं.

"घड्याळाला तारे दिसतात का रे, सुधीर?"

बाहुल्यांचा खेळ दोघांचा. वॉल्टरच्या आजीची गोष्ट अशी, की जग थंडीनं गारठलेलं आणि विस्तव एका बेटावरच्या झाडात. कावळा आणायला गेला, करपून काळा झाला. घुबडाच्या डोळ्यांत धूर गेला. शेवटी पाण्यावर चालणाऱ्या चिमुकल्या कोळीआजीनं पाठीवर वाटी विणली आणि तिच्यातून एक निखारा आणला. वॉल्टरच्या पूर्वजांना सैनिकांनी डोंगरातून हुसकून ओक्लाहोमापर्यंत चालवत नेलं. वाटेत कितीतरी माणसं गेली. गोष्ट पोचली. "गोष्टीला सामान लागत नाही," वॉल्टर म्हणे. त्याचं त्या दिवसाचं बोलणं बहुधा तिथेच संपे.

मावशींची गोष्ट म्हणजे गलबत फुटून कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागलेली त्यांच्या पूर्वजांची सात जोडपी. पोथ्या बुडाल्या, शनिवार तेवढा तरला. मावशींनी दोन्ही गोष्टी बिनधास्त जोडल्या होत्या. किनाऱ्यावरच्या तेल्यांकडे तेल आहे, विस्तव नाही, म्हणून कोळीआजी समुद्र ओलांडून निखारा आणते.

"ओक्लाहोमाची आजी नवगावला पोचली कशी?" अध्यक्षांनी विचारलं.

"ग्रीन कार्डावर," आजी म्हणाली.

मंडळाचे कार्यक्रम शनिवारीच असत. त्यामुळे मावशी फक्त बोलत, हात वॉल्टरचे. निखारा म्हणजे वाटीतला लाल बल्ब, आणि त्याचं बटण आजीच्या पोटात. मावशींनी काळोखाचं ते वाक्य म्हटलं की वॉल्टरच ते दाबायचा.

एका उन्हाळ्यात वॉल्टर गेला.

दिवाळी जवळ आली. मी मंडळाचा सेक्रेटरी. मला अपराधी वाटायला फारसं निमित्त लागत नाही. दुसऱ्याचा पाय माझ्या पायावर पडला तरी सॉरी मीच म्हणतो. चाचरत विचारलं, "मावशी, या वर्षी खेळ कॅन्सल करू या का?"

पर्समधून आजी निघाली. "मी समुद्र ओलांडून आले आणि हा मेला कॅन्सल करतोय! हात दे इकडे."

तालमी सुरू झाल्या. सगळं म्हणून व्हायचं, फक्त निखाऱ्यापाशी मावशी थांबत. "इथे मी एक वाक्य म्हणेन. तेव्हा बटण दाब."

"कुठलं वाक्य?"

"कळेल."

मला माहीत होतं. अख्ख्या मंडळाला माहीत होतं. पण त्या वाक्याला आजवर वॉल्टरशिवाय कुणी उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला ते त्या म्हणू शकतील का, याची धास्ती मला बटाटेवड्यांच्या वासातही सुटेना.

शाळेच्या कॅफेटेरियात खेळ रंगला. कावळा अध्यक्षांच्या आवाजात करपला, लोक खिदळले. मी टेबलाखाली गुडघे मुडपून, हातात आजी. नवगावचा किनारा आला. जोडपी कुडकुडायला लागली. मावशींचा आवाज थांबला. मला त्यांचे बूट तेवढे दिसत होते, एकमेकांना घट्ट चिकटलेले.

शेवटी एक मुलगी ओरडली, "इट्स टू डार्क, आजी!" मग सगळी पोरंच ओरडायला लागली. मी बटण दाबलं. टाळ्या पडल्या. ते वाक्य मात्र राहिलं.

शनिवारी मावशींना गाडी चालत नाही, म्हणून त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत गेलो. आभाळ बर्फाच्या ढगांनी भरलेलं. तारा एक नाही. घर अंधारात. मावशी आत जाऊन खुर्चीवर बसल्या, सराईतपणे, कशाला न धडकता. उन्हाळ्यापासूनचे सगळे शनिवार त्या असंच बसत असणार, हे मला तेव्हा कळलं. मला मागचा रस्ता तो काय लांब होता?

दिव्याचं बटण माझ्या हाताशी होतं. मी आपण होऊन दाबावं, तर ती वॉल्टरची जागा. विचारावं, तर त्यांना हो म्हणता येणार नाही. तसाच उभा राहिलो.

खुंटीवर वॉल्टरची टोपी होती. मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच मान माझ्याकडे वळली.

"आज काळोख जरा जास्तच आहे, नाही?"

मी दिवा लावला. मावशींनी मांडीवरच्या कोळीआजीला पटकन चेहऱ्यासमोर धरलं.

"किती वेळ लावलास रे!" आजीचा आवाज जरा घोगरा होता. "आणि ती किटली बघ, कशी थंड बसलीये."

मी सॉरी म्हटलं आणि गॅस पेटवला.